साडेआठची गोळी

करांगवुनी
२० एप्रिल १९९४

पोरी सुपियाती,
सलाम.

गेल्या बुधवारी सकाळी मी गुळासाठी रस काढून माडांवरून उतरलो तो हातपाय न धुताच कांगच्या घरी गेलो आणि तू दिलेला कागद त्याच्या बांबूच्या भिंतीला भाताच्या खळीने चिकटवला. नीट, चारी कोपरे दाबून. कांग बाजेवर बसून बघत होता. म्हणाला, “निवडणुकीचा कागद का रे? की याही वेळी कुणाला मत द्यायचं ते आधीच ठरलंय?” हल्ली तो असं काही बोलला की चेहरा हलत नाही, त्यामुळे हसावं की नाही हे माणसाला कळत नाही. मी हसलो. तुझा बाप आहे, पण माझा थोरला भाऊही आहे; तू मला लिक, म्हणजे काका म्हणतेस, तसा मी त्याला कांग, म्हणजे दादा. त्याच्या चेष्टेला हसायची मला लहानपणापासून सवय आहे.

सेमारांगला तू आम्हाला दवाखान्याच्या बोळात पाव तास दिलास. तुझ्या अंगावरचे पांढरे कपडे बघून कांग परतीच्या बसमध्ये तीनदा म्हणाला, “आपली सुपी.” हातपाय आखडवणाऱ्या या आजाराचं नाव त्याला अजून म्हणता येत नाही. तो त्याला ‘सुपीच्या मुलखातला पाहुणा’ म्हणतो.

तुझी सावत्र आई, माझी वहिनी यू मुर्सिना कागदापुढे बराच वेळ उभी होती. “काय लिहिलंय?” असं विचारलं. मी म्हटलं, “गोळ्या कधी द्यायच्या ते. तू काळजी करू नकोस, मी बघेन.” तू सांगितल्याप्रमाणे गोळ्यांची बाटली मी तिच्या हाती दिलेली नाही. ती मशिदीच्या कपाटात, माझ्या किल्लीखाली आहे. अजान द्यायला मी तिथे जातोच, आणि कांगचं घर मशिदीला लागूनच आहे.

तुझ्या बापाची एकही गोळी चुकणार नाही.

तुझा लिक
कस्मुरी


सेमारांग
४ मे १९९४

लिक कस्मुरी,

पत्र मिळालं. बाटली तुमच्याकडे आहे हे वाचून बरं वाटलं. तशीच राहू द्या.

बापाला उभं राहताना घाई करू देऊ नका. आधी बाजेच्या कडेवर बसवा, पाय जमिनीला टेकू द्या, मग उठवा. चालताना पाऊल मोठं टाकायला सांगा, तोंडाने एक-दोन मोजायला सांगा. बोलताना मुद्दाम ओरडल्यासारखं बोलायला सांगा, म्हणजे आपल्याला ते साधं ऐकू येईल. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. सोयाबीनचं टेंपे, टोफू, अंडं हे गोळीबरोबर अजिबात नको. आणि माडावर चढणं कायमचं बंद. गोळीने बरं वाटलं की तो चढायला बघेल.

हे सगळं मी रोज सात-आठ जणांना सांगते. आमचा नियम आहे, सांगून झालं की समोरच्याकडून उलट म्हणवून घ्यायचं, म्हणजे त्याला काय समजलं ते कळतं. तुमच्याकडून काय म्हणवून घ्यायचं? घरात वाचता येणारे तुम्ही एकटे. गोळ्या वेळच्या वेळी देता ना, एवढंच सांगा.

यू मुर्सिनाला तुमच्याबरोबर इथे आणलं नाहीत, बरं केलंत. आईची जागा घेणाऱ्या बाईला माझ्या वॉर्डात बसलेलं मला बघवलं नसतं.

सुपियाती


करांगवुनी
२३ मे १९९४

पोरी सुपियाती,

अल्लाला स्मरून सांगतो, गोळीची एकही वेळ चुकलेली नाही.

पण एक लिहितो. पहाटे गोळी घेतली की कांग चांगला असतो. स्वतः उठतो, नमाज पढतो, कोंबड्यांना शिव्या देतो. सूर्य वर येऊ लागला की मात्र त्याचं लाकूड होतं. काल उंबऱ्याशी आला आणि पाय जमिनीत रोवल्यासारखा उभा राहिला. मी म्हटलं, “चल ना कांग.” तर म्हणतो, “तू पुढे हो, माझे पाय मागून येताहेत.” संध्याकाळी उलटंच. हात सापासारखे वळवळतात, मान डोलते, बसवत नाही. शेजारी म्हणतात, म्हातारा नाचायला लागला.

यू मुर्सिनाने उंबऱ्यात एक करवंटी ठेवली आहे. कशाला कोण जाणे. त्यात कांगचा पाय अडकेल म्हणून मी ती दोनदा फेकली, ती परत ठेवते. गोळ्यांबद्दलही तिचं काहीतरी म्हणणं आहे. ते लिहिण्यासारखं नाही.

तुझा लिक
कस्मुरी


सेमारांग
८ जून १९९४

लिक कस्मुरी,

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वेळा बरोबर असतील तर मात्रा कमी पडते आहे. सोबत नव्या गोळ्या पाठवते, या जास्त ताकदीच्या आहेत. वेळा त्याच.

ती त्याला सकाळी टेंपे खायला घालते का ते बघा. मला तोच संशय आहे. आणि करवंट्या, चिंध्या, टोपल्या, वाटेतलं सगळं उचला. पाय अडकून पडलेले किती जण मी बघितलेत ते तुम्हाला माहीत नाही. तिचं काही म्हणणं असेल तर तिच्यापाशीच राहू दे.

सुपियाती


करांगवुनी
१ जुलै १९९४

पोरी सुपियाती,

नव्या गोळ्या सुरू करून पंधरा दिवस झाले. सकाळ तशीच आहे. संध्याकाळी कांगला माणसं दिसायला लागली आहेत. परवा रात्रीच्या नमाजेनंतर मशिदीच्या ओट्याकडे बोट दाखवून म्हणाला, “त्या पोरांना खाली उतरव, पडतील.” ओट्यावर कोणी नव्हतं. शेजारचा मदसुरी म्हणाला, “जिन आहेत, पाणी मंतरून आणा.” आणलं, पाजलं. रागावू नकोस. आम्ही इथे आहोत, तू तिथे.

टेंपे सकाळी नसतं. मी स्वतः पाहिलं आहे. सकाळी तो कसावा खातो, तोही यू मुर्सिना कुस्करून भरवते तेव्हा.

मधे एक-दोन दिवस सकाळी तो बरा होता. चालत माझ्या माडांपर्यंत आला, आणि खालून मला ओरडून सांगितलं की मी भांडी चुकीच्या पोयीला बांधली आहेत. आवाज वरपर्यंत आला. का बरा होता ते ठाऊक नाही.

तुझा लिक
कस्मुरी


सेमारांग
२५ जुलै १९९४

लिक कस्मुरी,

बापाचं ऑपरेशन झालं. मांडीचं हाड वर, खुब्याजवळ मोडलं होतं, तिथे पट्टी बसवली आहे. तुमची तार आली तेव्हा मी ड्युटीवर होते. तो पुलावरून दगडांवर पडला हे समजलं, पण सकाळी साडेनऊला, एकटा, त्या दोन बांबूंच्या पुलावर त्याला जाऊ कोणी दिलं हे मला अजून समजलेलं नाही.

मी त्याला न्यायला घरी आले तेव्हा तिच्या पानाच्या डब्यात मला जे सापडलं ते तुम्हीही पाहिलंत. चुन्याच्या डबीखाली, केळीच्या पानात गुंडाळलेल्या दोन गोळ्या. मी विचारलं, “हे काय?” ती म्हणाली, “सकाळसाठी.” आणि तुमच्याकडे बघायला लागली. तुम्ही खाली बघत होतात. माझ्या बापाच्या तोंडची गोळी काढून ठेवायची, आणि वर म्हणायचं सकाळसाठी! कुणाला विकणार होती कोण जाणे. मी तिला तिथल्या तिथे बाहेर काढलं, त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. घर आईच्या नावावर आहे.

आता नीट वाचा. इथे वॉर्डात मात्रा पुन्हा जुनीच केली आहे. पहाटे पाच, साडेआठ, बारा, साडेतीन, संध्याकाळी सात. तुमच्या भिंतीवर आहे तसंच. आणि इथे सकाळी त्याचं लाकूड होत नाही. नऊ वाजता हात हलवतो, चमचा धरतो. संध्याकाळी त्याला कोणी पोरंबिरं दिसत नाहीत.

म्हणून विचारते. साडेआठची गोळी कोण देत होतं?

सुपियाती


करांगवुनी
२ ऑगस्ट १९९४

पोरी सुपियाती,

साडेआठला मी माडावर असतो. ते तुला माहीत आहे.

कांगसाठी पाचही वेळा दुआ मागतो.

कस्मुरी


सेमारांग
१३ ऑगस्ट १९९४

लिक कस्मुरी,

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. तुम्ही तिला गोळी काढून ठेवून जात होता आणि ती बाई ती डब्यात टाकत होती. तुम्ही सरळ लिहिलं नाहीत तरी मला समजलं. भावजयीला चोर म्हणणं तुम्हाला जड गेलं असेल.

घराला कुलूप लावा, किल्ली तुमच्याकडे ठेवा. तिची भांडी तिच्या भावाकडे पाठवून द्या.

बाप रोज विचारतो, “मुर्सिना कुठे आहे?” मी सांगितलं, ती आपण होऊन निघून गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला. या आजारात चेहऱ्यावर काही दिसत नाही, हे मीच लोकांना शिकवते. त्या दिवशी मला दिसलं. तो उभा राहायला तयार नाही. दोन जण लागतात, आणि तो मुद्दाम अंग सोडून देतो. मोठे डॉक्टर म्हणाले, महिनाभर असाच पडून राहिला तर परत कधी चालणार नाही.

सुपियाती


करांगवुनी
८ सप्टेंबर १९९४, गुरुवार

पोरी सुपियाती,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तेवढे दिवस मी ते मशिदीच्या कपाटात, जिथे बाटली असायची तिथेच ठेवलं होतं. रोज पाचदा ते कपाट उघडायचो.

एप्रिलमधल्या त्या बुधवारी सकाळी मी काय केलं ते तुला अर्धंच लिहिलं होतं. तुझा कागद चिकटवला, आणि त्याच्या शेजारी मशिदीचं नमाजेच्या वेळांचं पत्रक चिकटवलं. तुझ्या कागदावर पाच वेळा, पत्रकावर पाच वेळा. मी कोळशाने रेघा ओढून दोन्ही जोडायला लागलो. तुझी पहाटेची वेळ पहाटेच्या अजानशी जुळली. बारा दुपारच्या अजानशी, साडेतीन तिसऱ्या प्रहराच्या, सात रात्रीच्या. घटका-दोन घटकांचा फरक होता. चार वेळा अशा जुळल्यावर मला वाटलं, ही अल्लाचीच रचना आहे. मग तुझी साडेआठ उरली आणि माझी सूर्यास्ताची अजान उरली. मी तीही रेघ ओढली. तिरपी, लांब, सगळा कागद ओलांडून जाणारी.

कांगला सकाळी साडेआठला कधीच गोळी मिळाली नाही. ती संध्याकाळी सहाला जायची, आणि लगेच तासाभराने सातची. पहाटेपासून दुपारपर्यंत त्याच्या अंगात काही नसायचं आणि संध्याकाळी दुप्पट असायचं. मी तुला लिहिलं की एकही वेळ चुकलेली नाही. मला ते खरंच वाटत होतं. तेवढ्यापुरता मी खोटा नाही.

पण ती रेघ ओढताना मनात काय होतं तेही सांगतो. साडेआठला मी माडावर असतो. ती गोळी द्यायची तर बाटली यू मुर्सिनाच्या हाती द्यावी लागली असती. ते तुलाही नको होतं आणि मलाही. घरात वाचणारा मी एकटा, ही गोष्ट मला आवडायची. माझी सोय मी अल्लाच्या नावावर खपवली. नमाजेच्या वेळा त्याने नमाजेसाठी ठरवल्या आहेत. गोळ्यांबद्दल तो काही बोललेला नाही.

तिचं जे म्हणणं मी लिहिण्यासारखं नाही म्हणालो, ते हे होतं: “ऊन शेंड्यावरून खोडावर उतरलं की त्यांचा दगड होतो. तेव्हा एक लागते. संध्याकाळी एक जास्त होते.” महिनाभरात, नुसतं बघून तिने हे ओळखलं. मी म्हटलं, “तुला वाचता येतं का?” मग जूनमध्ये, कधीमधी, ती तिच्या परीने करायला लागली. सूर्यास्ताची गोळी मी तिच्या हातात द्यायचो, पाण्याबरोबर द्यायला. ती पाणी पाजायची आणि गोळी पानाच्या डब्यात ठेवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची. ज्या दिवशी कांग चालत माझ्या माडांपर्यंत आला, तो त्या गोळीवर आला.

जुलैच्या सुरुवातीला मी तिला पकडलं. “चोरी करतेस?” असं अंगणात, मदसुरीच्या बायकोसमोर म्हटलं. त्यानंतर रोज संध्याकाळी मी कांगचं तोंड उघडून बघायचो. डब्यात आधीच्या दोन उरल्या होत्या, त्या द्यायची तिची छाती झाली नाही.

नऊ जुलैला सकाळी मी ओढ्यापलीकडच्या माडावर होतो. कांगनेच मला चढायला शिकवलं, त्याला माझी भांडी बघायची होती, म्हणून मीच त्याला ये म्हटलं होतं. तो पुलाच्या मध्यावर आला आणि थांबला. मी वरून ओरडलो, “कांग, चल की! तिथे काय घर बांधतोस?” त्याने वर बघितलं. माझ्या हाकेला ओ द्यायला तो वळला. यू मुर्सिना खालच्या अंगाला कपडे धूत होती. ती माझ्या आधी पोचली.

त्याला तिथे कोणी जाऊ दिलं, त्याचं हे उत्तर.

दवाखान्याचा नियम तू मला लिहिला होतास, की समोरच्याकडून उलट म्हणवून घ्यायचं. माझ्याकडून एकदा म्हणवून घेतलं असतंस तर मी मोठ्या अभिमानाने सांगितलं असतं, पाच अजान, पाच गोळ्या. मी माझं तुझ्यावर ढकलत नाही. पण तुझ्या वाट्याचं तुझ्याकडे असू दे. तू सगळं त्याला शिकवलंस ज्याला वाचता येतं. जी त्याला उठवायची, भरवायची, रात्री कुशीवर वळवायची, तिला तू एक ओळ लिहिली नाहीस, आणि मी तिला तुझी एक ओळ पुरती वाचून दाखवली नाही. तिच्याबद्दलचं आलं की मी गाळायचो.

मंगळवारी मी तिच्या भावाच्या गावी गेलो. ती चुलीवर गुळाची कढई ढवळत होती. तिचा भाऊ म्हणाला, “या, बांगवाले. आमच्या चोराची खबर घ्यायला आलात?” मी पत्रं काढली. ती कढईतून नजर न काढता म्हणाली, “सगळं वाच. मागे गाळलेलंही.”

“तुला कसं कळलं गाळलं ते?”

“वाचताना तू जिथे खाकरायचास तिथे माझं नाव असायचं. तेवढं वाचता येतं मला.”

मी वाचलं. तुझी सगळी, आणि तुझ्याकडे गेलेली माझीही, जेवढी आठवली तेवढी. मग त्या कोळशाच्या रेघेचं सांगितलं. भाऊ कोयता घेऊन उठला होता, त्याला तिने बसवलं. मला म्हणाली, “रेघ चुकली ते मी विसरेन. माणूस चुकतो. पण ती पोर मला चोर म्हणत होती आणि मी तुझ्याकडे बघत होते. तेव्हा तू तुझ्या पायांची बोटं मोजत होतास.” गूळ लागायला आला म्हणून तिने कढई उतरवली आणि माझ्याकडे पाठ केली. अजून तिने माझा सलाम घेतलेला नाही. घेईल असं वाटत नाही.

अजान मी सोडलेली नाही. सोडली तर लोक म्हणतील, किती सच्चा माणूस. तेवढं सुख मला नको. रोज पाचदा सगळ्या गावासमोर माझाच आवाज मला ऐकावा लागेल, ते बरं.

हे पत्र टपालाने येणार नाही. ते यू मुर्सिना आणील; कांगसाठी यायला ती तयार झाली आहे, माझ्यासाठी नाही. कांग तिच्याशिवाय उभा राहायचा नाही, हे तुझे मोठे डॉक्टर सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. तिच्या टोपलीत एक करवंटी आहे, ती फेकू नकोस. कांगचे पाय रोवले की ती करवंटी त्याच्या पावलापुढे ठेवायची आणि ‘ओलांडा’ म्हणायचं. ओढायचं नाही, हाक मारायची नाही. तो ओलांडतो. मी ते आता समजून घेतलं, तिच्याच तोंडून. पुलावर करवंटी नव्हती, माझी हाक होती.

घराचं कुलूप मी काढलं आहे. भिंतीवरचे दोन्ही कागदही काढले. खळ पक्की बसली होती, बांबूची साल घेऊन निघाले. घर तुझ्या आईच्या नावावर आहे, तेव्हा पुढचं तू ठरव. तिला दारातूनच परत पाठवायचं असेल तर हे सगळं माहीत असून पाठव.

हे शेवटचं बसस्टँडवर, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे. यू मुर्सिना बसच्या खिडकीशी बसली आहे, माझ्याकडे बघत नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून बसमध्ये चढण्याआधी या पत्रात काय आहे ते मी तिला इथे बाकावर तीनदा वाचून दाखवलं, आणि मग तिच्याकडून उलट म्हणवून घेतलं. तिने सगळं म्हणून दाखवलं, माझ्या पायांच्या बोटांसकट. एकही ओळ गाळली नाही. ड्रायव्हर चढला. पत्र तिच्या हातात देतो आहे.

कस्मुरी